पाहुण्यांचा ऋतू आणि पाहणीचा ऋतू

दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून माझ्या मावसभावाचा फोन येतो. "दादा, यंदा तुझ्याकडे रायपूरला यायचं म्हणतोय. कधी येऊ?" गेली कित्येक वर्षे हा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत येत आला आहे आणि मीही ठरलेलेच उत्तर देत आलो आहे. "नोव्हेंबर ते फेब्रुवारी केव्हाही ये. मे महिन्यात मात्र चुकूनही येऊ नकोस." पर्यटनाच्या पत्रकांत याहून वेगळे काही लिहिलेले नसते. मात्र गेल्या खेपेस तो सहज म्हणून गेला, "मे महिन्यात येऊ नको म्हणतोस, मग तिथले लोक मे महिन्यात कुठे जातात?"

त्याने हे चेष्टेत विचारले होते. मी हसून विषय बदलला खरा, पण प्रश्न मनातून गेला नाही. आम्हा सरकारी नोकरांच्या दृष्टीने तो वाटतो तितका चेष्टेचा नाही.

माझे बिऱ्हाड गुढियारीत आहे. (हिंदीत 'ढ'खाली नुक्ता देऊन लिहितात, आपल्याकडे त्याची गरज नाही.) रायपूर स्थानकाचा दर्शनी भाग एका बाजूला आणि रुळांपलीकडे, पाठीमागच्या बाजूला गुढियारी. शहरातले अधिकारी सहसा या बाजूला राहत नाहीत. ठोक किराण्याची दुकाने, गोदामे, ट्रक, हातगाड्या, शुक्रवारी बाजार, पत्र्याची छपरे आणि त्यांमधून वाट काढणारी माणसे अशी ही वस्ती आहे. स्थानक जवळ म्हणून मी येथे जागा घेतली आणि येथेच रमलो. सरकारी वसाहतीच्या कडुनिंबाखाली बसून जो रायपूरचा उन्हाळा कळत नाही तो येथे पहिल्याच वर्षी कळला.

या हवेचे रूप महाराष्ट्रातल्या वाचकांना, विशेषतः कोकण आणि देशावरच्या वाचकांना, थोडे उकलून सांगायला हवे. विदर्भातल्यांना सांगण्याची गरज नाही. ते घरचेच आहेत. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातल्या सपाट मैदानात वसले आहे. वायव्येला मैकलच्या डोंगररांगा, दक्षिणेला बस्तरचे पठार आणि मध्ये हे ताटासारखे पसरलेले भाताचे मैदान. समुद्र दोन्ही बाजूंनी दूर. त्यामुळे मार्चपासून जमीन जी तापू लागते ती जून अर्धा होईपर्यंत निवत नाही. मे महिन्यात दुपारचा पारा सरासरीनेच बेचाळीसच्या आसपास असतो; वाईट दिवशी तो पंचेचाळीसच्याही पुढे जातो. मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की 'नौतपा' सुरू होतो. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला होतो, अशी इकडची श्रद्धा आहे. त्यामुळे उन्हाने हैराण झालेला शेतकरीसुद्धा नौतपात पाऊस पडला तर कपाळाला आठ्या घालतो.

पाऊस येतो तो जूनच्या मध्यास. आपल्याकडचा पाऊस अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकणारा. इकडचा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून. असा पट्टा ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत सरकला की दोन-तीन दिवस धो धो कोसळतो, मग आठवडाभर उघडीप. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसापैकी बहुतेक सगळा या चार महिन्यांत उरकतो.

माझ्या मते खरे हाल मे महिन्यात होत नाहीत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होतात. मे महिन्यातली हवा कोरडी असते. घाम येतो आणि वाळतो. कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडले की खोली निवते. जूनमध्ये पारा चार-पाच अंशांनी उतरतो, वर्तमानपत्रे 'दिलासा' असा मथळा देतात, पण हवेत दमटपणा आलेला असतो. घाम वाळत नाही आणि कूलर नुसती ओली हवा तोंडावर फेकतो. अशा उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन हा आहे. तो बंद झाला की अडतीस अंशही जीवघेणे ठरतात. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या शासकीय पुरस्कार समारंभानंतर उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशी तेथील पारा अडतीसच्या आसपासच होता. नागपूर-रायपूरच्या माणसाला एप्रिलातला हा आकडा किरकोळ वाटेल. समारंभाची तारीख आणि वेळ ठरवताना कोणाच्या तरी टेबलावर ती फाईल आली असेल आणि त्याने सही करताना पंचांग पाहिले असेल, पाहुण्यांची सोय पाहिली असेल, मंडप कोणाच्या डोक्यावर आहे आणि कोणाच्या नाही याचा विचार केला नसेल. मीही अशा सह्या केल्या आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या दौऱ्यांचा हंगाम पाहा. दिल्लीहून रायपूरला येणारी तपासणी पथके, मूल्यमापन समित्या, सहसचिव, सल्लागार हे सर्व नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत येतात. मार्चमध्ये हिशेबाची घाई. एप्रिल-मे-जूनमध्ये दिल्लीकर मंडळी परदेशी प्रशिक्षणाला किंवा डोंगरावर आणि आम्ही वातानुकूलित बैठकीत. जुलै-ऑगस्टमध्ये 'रस्ते खराब आहेत'. म्हणजे पाहुण्याला येण्यास जो काळ उत्तम तोच आमच्या पाहणीचाही काळ.

ही रीत आजची नाही. आपल्या मराठी फौजा विजयादशमीला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत आणि मृगाच्या आत घरी परतत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडावर उतरले, पुढे बंगालकडे गेले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार केला. घोड्याला चारा आणि नद्यांना उतार हिवाळ्यातच मिळतो, तेव्हा त्या काळी ही विभागणी शहाणपणाचीच होती. इंग्रज आले, १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले, आणि मुलूखगिरीची जागा साहेबाच्या 'कॅम्प'ने घेतली. थंडी पडली की तंबू, बैलगाड्या, खानसामा आणि कारकून घेऊन कलेक्टर गावोगाव हिंडे. उन्हाळ्यात मध्य प्रांताचे सरकार नागपूरहून पचमढीला जाई, मुंबईचे महाबळेश्वरला. तंबू गेले, पचमढीची राजधानी गेली, साहेब गेला. दौऱ्याचा हंगाम मात्र तसाच राहिला.

येथे आणखी एक गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे आपले आर्थिक वर्ष. एप्रिल ते मार्च हे वर्ष इंग्रजांनी १८६७ मध्ये लागू केले. ज्या देशात शेतीचे भवितव्य जून ते सप्टेंबरमध्ये ठरते तेथे अंदाजपत्रक पावसाआधीच मंजूर करून बसण्यात काय अर्थ, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा पडतो. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये जानेवारीपासून वर्ष सुरू करण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. झाले काय की निधी जिल्ह्यात पोहोचेपर्यंत पाऊस येतो, बांधकामे थांबतात, दिवाळीनंतर कामांना जोर येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवी कोरी, चुना लावलेली कामे 'दाखवण्याजोगी' होतात. आम्ही ती त्याच वेळी पाहतो. वस्तू वापरात असताना पाहण्याऐवजी ती सजवून मांडलेली असताना पाहतो. विहीर उन्हाळ्यात पाहायची असते आणि छप्पर पावसाळ्यात, हे कोणत्याही घरातल्या आजीला ठाऊक असते. घर भाड्याने घेणारा पावसाळ्यात भिंती पाहून मगच पागडीची बोलणी करतो.

ग्रामविकासाच्या अभ्यासात या दोषाला नाव आहे. स्वतः केनियात प्रशासकीय नोकरी केलेले रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात पाहणीसाठी जाणाऱ्या शहाण्या माणसांना दारिद्र्य का दिसत नाही याची कारणे मांडली. डांबरी रस्त्याच्या कडेची गावेच पाहिली जातात, पुढारीच भेटतात, यशस्वी योजनाच दाखवल्या जातात. आणि या सर्वांबरोबर त्यांनी कोरड्या ऋतूचा मोह सांगितला. उष्ण कटिबंधात गरिबाचा सर्वांत कठीण काळ पावसाळा. घरातले धान्य संपलेले, शेतात काम सर्वांत जास्त, आजार सर्वांत जास्त, सावकाराचे दार उघडे आणि रस्ता बंद. सुगी झाली, घरात दाणे आले, अंगावर मांस चढले की मग आम्ही पोहोचतो आणि 'परिस्थिती समाधानकारक' असे लिहून परत येतो.

हे वाचताना मला मेळघाट आठवतो. चिखलदरा हे विदर्भातल्या लोकांचे पावसाळ्यातले आवडते ठिकाण. धुके, धबधबे, गरम भजी. त्याच तालुक्यात, त्याच पावसात, धुक्यापलीकडच्या कोरकू पाड्यांत पोरांच्या पोटाचे सर्वांत वाईट दिवस असतात. १९९३ पासून तेथल्या बालमृत्यूंच्या बातम्या आपण वाचत आलो. एकच महिना, एकच डोंगर. एकाला तो सहलीचा हंगाम आणि दुसऱ्याला उपासाचा.

आता माझ्या सहीची गोष्ट सांगतो.

अनेक वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या कार्यालयात होतो त्याच्या वतीने गुढियारीच्या पुढे रुळांलगतच्या एका वस्तीची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले. जानेवारीचा पहिला आठवडा. हवा अशी की स्वेटर घालावा की न घालावा हा सकाळचा सर्वांत मोठा पेच. आम्ही चौघे गेलो. अकरा हातपंप होते. प्रत्येक पंप मी स्वतः मारून पाहिला, अकराही चालू. वस्तीतल्या कोणीतरी चहा आणला, पोरे मागे मागे आली. अहवालात मी लिहिले, 'पाणीपुरवठा पुरेसा व नियमित.' त्यात एक अक्षर खोटे नव्हते. आजही मी शपथेवर सांगेन की त्या दिवशी अकरा पंप चालू होते.

त्याच वर्षी मेअखेरीस माझी गाडी रात्री उशिरा पोहोचायची ती पहाटे चारला पोहोचली. रिक्षा मिळेना, म्हणून पायीच निघालो आणि नेहमीचा रस्ता खणलेला असल्याने त्या वस्तीवरून वळसा घेतला. रस्त्याच्या कडेने हंडे, बादल्या, प्लास्टिकचे डबे यांची रांग लागली होती. माणसे नव्हती, फक्त भांडी. माणसे दाराशी अंथरुणावर पडून टँकरची वाट पाहत होती. एकूण किती पंप चालू आहेत असे एका म्हाताऱ्या बाईला विचारले. तिने मला ओळखले. आपल्या छत्तीसगढीत ती जे बोलली त्याचा आशय असा की, साहेब, तुम्ही पौषात पाणी पाहायला आला होता, पौषात तर देवही पाणी देतो, जेष्ठात यायचे होते. चालू होते दोन पंप. बाकीचे पंप मोडले नव्हते, पाणीच खाली गेले होते. रायपूरखालचा दगड बराचसा चुनखडीचा. त्याच्या भेगांत जेवढे पाणी पावसाळ्यात साठते तेवढ्यावर वर्ष काढायचे असते, आणि आता त्यात जागोजाग विंधनविहिरींच्या नळ्या बुडालेल्या.

घरी आलो, नळाला पाणी होते, स्नान केले. ऑफिसात जाऊन जानेवारीची फाईल काढली. माझ्या त्या वाक्याच्या आधारे ही वस्ती त्या वर्षीच्या उन्हाळी टंचाईच्या यादीतून वगळली गेली होती. टँकर येत होते ते नगरसेवकाच्या खटपटीने, आमच्या योजनेतून नव्हे. मी दुरुस्तीची टिप्पणी लिहिली. ती वर गेली आणि 'पाहणीचा कालावधी संपल्याने' परत आली. पाहणीचा कालावधी ३१ मार्चला संपला होता. त्या वस्तीत पुढे नळ आले, हे खरे. पण त्या आणि पुढच्या उन्हाळ्यात पहाटे चारला उठलेल्या बायकांच्या झोपेचा हिशेब कोणत्याही लेख्यात नाही, आणि त्यात माझा वाटा आहे.

कोणी म्हणेल की एका अधिकाऱ्याच्या चुकीवरून सगळ्या व्यवस्थेला का बोल लावावा? लावावा, कारण हीच व्यवस्था दुसऱ्या एका ठिकाणी ऋतूंचा विचार चोख करते. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरगुती खर्चाची माहिती गोळा करायची तर वर्षाचे भाग करतात आणि नमुन्यातली गावे त्या सर्व भागांत विभागून टाकतात. माणूस सुगीत जे खातो ते श्रावणात खात नाही, हे संख्याशास्त्रज्ञांनी ओळखले. म्हणजे ज्ञान सरकारकडे आहे. आकडेवारी गोळा करणाऱ्या क्षेत्र-अन्वेषकाला आपण भर पावसात गावात पाठवतो. वरिष्ठाच्या दौऱ्याच्या डायरीला मात्र तो नियम लावत नाही.

नियम चुकून मोडला की काय होते तेही पाहिले आहे. नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते आणि ते असते हिवाळी. संत्री, हुरडा, गुलाबी थंडी, मोर्चे. २०१८ मध्ये मात्र पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतले. ६ जुलैला एवढा पाऊस झाला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरले, वीज बंद करावी लागली आणि दिवसभराचे कामकाज तहकूब झाले. पुष्कळ थट्टा झाली. मला ती थट्टेची बाब वाटली नाही. नागपूरच्या गटारांची खरी पाहणी राज्याच्या सर्वोच्च सभागृहाने त्या एका दिवशी जेवढी केली तेवढी इतक्या हिवाळी अधिवेशनांत झाली नसेल. पुढच्या वर्षापासून पावसाळी अधिवेशन पुन्हा मुंबईत. असो.

तर काय, सर्वांनी मे महिन्यातच दौरे करावेत? माझे म्हणणे इतके भोळे नाही. रायपूरची हवा पाहायची असेल तर हिवाळ्यातच यायला हवे, आणि हवा म्हणताना मी थंडीविषयी बोलत नाही. गुढियारीच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज लोखंडाचे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. उन्हाळ्यात तापलेली हवा धूर वर घेऊन जाते, पावसाळ्यात तो धुतला जातो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार, वारा पडलेला. मग धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा वस्तीवर बसतो. सकाळी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवले की काजळी लागते. ज्या महिन्यात मी मावसभावाला बोलावतो तोच महिना येथल्या दमेकऱ्यांना नकोसा असतो. पण हिवाळ्यात येणारी पथके हातपंप मोजतात आणि पहाटेच्या धुराकडे पाहून 'आज धुके छान पडले आहे' म्हणतात.

धानखरेदीही हिवाळ्यातच पाहायची गोष्ट आहे. २०२३-२४ पासून छत्तीसगडात एकरी एकवीस क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३१०० रुपये मिळतील अशा बेताने खरेदी झाली, आणि २०२४-२५ च्या हंगामात दीडशे लाख टनांच्या जवळपास धान सरकारने घेतले. एवढा ढीग उघड्यावर ताडपत्रीखाली असतो. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडून एखादा पश्चिमी झंझावात आला आणि गारा पडल्या की ताडपत्री किती ठिकाणी फाटली आहे ते कळते. तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जाणारा अधिकारी ढिगाची उंची तेवढी मोजून येतो.

म्हणजे प्रत्येक कामाचा आपापला खरा महिना असतो. पाण्याचा जेष्ठ, रस्त्याचा आणि छपराचा श्रावण, धुराचा पौष. शाळेची हजेरी पाहायची तर पेरणी-रोवणीच्या दिवसांत आणि पुन्हा दिवाळीनंतर, जेव्हा धान कापून झालेली कुटुंबे मुलांसकट वीटभट्ट्यांवर निघून जातात. गुढियारीच्या बाजूने स्थानकात शिरलात तर त्या दिवसांत फलाटावर बोचकी, पातेली आणि पेंगणारी पोरे दिसतील. ही माणसे पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत त्यांच्या गावी जाऊन 'गावात बेरोजगारी आढळली नाही' असे लिहिणे अगदी सोपे आहे. बेरोजगार गावात नाहीतच.

माझे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणाले, "पावसाळ्यात रस्ताच नसतो, जायचे कसे?" रस्ता नाही हाच तर निष्कर्ष! साहेबाची गाडी जेथे अडते तेथे बाळंतिणीची गाडीही अडतेच. बस्तरच्या दुर्गम भागात पावसाळ्यापूर्वीच चार-चार महिन्यांचे शिधावाटप धान्य पोहोचवून ठेवतात, कारण मध्ये वाट राहणार नाही हे सर्वांना माहीत असते. ही व्यवस्था चांगलीच आहे. पण त्या चार महिन्यांत धान्य टिकले का, वाटले गेले का, हे ऑक्टोबरनंतरच विचारले जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला मान्य आहे. वरिष्ठ मे महिन्यात दौऱ्यावर निघाला की त्याच्याबरोबर चालक, तलाठी, शिपाई, अंगणवाडी सेविका सगळ्यांना उन्हात उभे राहावे लागते. साहेबाच्या गाडीत थंड हवा, बाकीच्यांच्या डोक्यावर नुसता गमछा. असा दौरा म्हणजे नवा जुलूम. म्हणून उन्हाळी पाहणी पहाटे पाच ते नऊ व्हावी, ताफा नसावा आणि आगाऊ सूचना नसावी. गुढियारीतले हमाल मे महिन्यात हेच करतात. उन्हे वर येण्याआधी निम्मे ट्रक रिकामे करतात, दुपारी गोदामाच्या सावलीत गमछा तोंडावर घेऊन आडवे होतात आणि संध्याकाळी पुन्हा पाठीवर पोते घेतात. डब्यात बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मीठ. सरकारी परिपत्रक निघण्याच्या पुष्कळ आधीपासून त्यांचा उष्मा-आराखडा ठरलेला आहे. अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, तेव्हा त्या शहराने अभ्यास करून २०१३ मध्ये आराखडा आणला. त्यात यंत्रे फार नव्हती. आदल्या दिवशी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी आणि कोणी कोणाला कळवायचे याची यादी. अशा गोष्टी उन्हाळ्यात वस्तीत उभे राहिल्यावर सुचतात. गुढियारीतच ५ एप्रिल २०२४ रोजी वीज कंपनीच्या रोहित्रांच्या गोदामाला भीषण आग लागली आणि काळ्या धुराचे लोट शहरभर दिसले. तेलाने भरलेली हजारो रोहित्रे लोकवस्तीलगत ठेवावीत की नाहीत, हा प्रश्न डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात पडत नाही, एप्रिलमध्ये पडतो.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तपासणी अधिकाऱ्याच्या वार्षिक दौऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश दौरे त्या कामाच्या खऱ्या महिन्यात असावेत आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत पाहणीचा महिना ठळक छापावा. 'अकरा पंप चालू' याऐवजी 'जानेवारीत अकरा पंप चालू'. एवढा एक शब्द माझ्या त्या अहवालात असता तर यादी करणाऱ्या कारकुनाने निदान पेन थांबवले असते. यासाठी कायदा लागत नाही, खर्च लागत नाही. मी ही सूचना दोनदा लेखी केली आहे. दोन्ही वेळी ती चांगली आहे असे तोंडी सांगण्यात आले.

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याला अजून खरे उत्तर दिलेले नाही. तो अधिकारी नाही, त्याला पंप मोजायचे नाहीत. त्याने हिवाळ्यात यावे, राजिमला जावे, सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर पाहावे, परत जाताना चार किलो सुवासिक तांदूळ न्यावा. यात काही वावगे नाही. परंतु मला विचाराल तर छत्तीसगड पाहण्याचा काळ हिवाळा नव्हे, भाद्रपदाचे तोंड. अभयारण्ये तेव्हा बंद असतात, पत्रकांत या महिन्यांवर फुली असते. पण रोवणी आटोपलेली असते, मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवे असते आणि तळी काठोकाठ भरलेली असतात. बस्तरात इंद्रावती चित्रकोटच्या कड्यावरून गढूळ, तांबड्या रंगाची कोसळत असते. हिवाळ्यात जाणाऱ्यांना तिच्या चार धारा दिसतात. पिठोरी अमावास्येला आपला पोळा, इकडचा 'पोरा'. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडाचे बैल, इकडे मातीचे नंदीबैल आणि मुलींसाठी मातीची जाती-चुली. घरोघरी ठेठरी-खुरमी. मग दोन-तीन दिवसांत तीजा, म्हणजे आपली हरितालिका. पण इकडे तो माहेरपणाचा सण आहे. भाऊ बहिणीला आणायला जातो, आदल्या रात्री कारल्याच्या भाजीशी भात खाऊन उपास धरायचा, आणि त्या आठवड्यात रायपूरच्या स्थानकावर व बसथांब्यावर माहेरी निघालेल्या बायकांची अशी गर्दी असते की गुढियारीच्या बाजूने आत शिरायला अर्धा तास लागतो. छपरे गळत असतात, रेल्वेखालच्या रस्त्यात गुडघाभर पाणी असते, आणि गणपती तोंडावर आलेला असतो.

हे सगळे मी त्याला गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे पावसात येऊ म्हणतोस? आणि तुझं ते छप्पर गळतं का?"

गळते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीच्या वर. त्याने आझाद हिंद एक्सप्रेसचे आरक्षण पोळ्याच्या आदल्या दिवशीचे केले आहे. घरमालकांना मी ती जागा जानेवारीत दाखवली होती, त्यांनी वर पाहिले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ही तर कोरडी ठणठणीत आहे."